डबल सीटचा कॅम

चंद्रप्रकाश पेडणेकर मनोरच्या अलीकडच्या त्या हॉटेलात पोचला, तेव्हा टेबलावर सात रिकाम्या प्लेटी होत्या आणि सात माणसं हेल्मेटं चढवत होती. सलग पाचवा रविवार. वरातीमागून घोडं एखाद्या वेळी चालतं, पण दर वरातीला तेच घोडं मागे राहायला लागलं की घोड्यालाही लाज वाटते.

“काका, आलात? झकास!” हर्षद म्हणाला. पस्तिशीचा हर्षद ह्या टोळीचा म्होरक्या. “आम्ही निघालोच. तुम्ही आरामात खा हां. मिसळ आज एकदम कडक आहे.”

सात गाड्यांनी धूळ उडवली आणि गेल्या. चंद्रप्रकाश टेबलापाशी बसला. खुर्ची अजून गरम होती. बाळ नावाचा वेटर, वय वर्षं साठ, त्याने फडकं मारलं आणि न विचारता एक मिसळ आणून ठेवली.

टोळी दर रविवारी साडेसहाला गोरेगावच्या बाजूला, आरेच्या नाक्यावर जमायची. तिथून मनोर, मिसळ, चहा, तासभर टवाळक्या आणि परत. चंद्रप्रकाश मरोळहून आरेतून यायचा, नाक्यावर सगळ्यांना हात दाखवायचा आणि दहिसर यायच्या आत एकटा पडायचा. खरं सांगायचं तर गाडीची हौस त्याच्यात उरलेली नव्हती. त्याला फक्त एक कप चहा माणसांत बसून प्यायचा होता. सुलक्षणा, त्याची बायको, जाऊन दीड वर्ष झालं होतं. मरोळच्या विजयनगरमधल्या दोन खोल्यांत शुक्रवारी संध्याकाळी दूधवाल्याशी बोलल्यावर पुढचं तोंड उघडायचं ते थेट रविवारी सकाळी. मधे बंगलोरहून जान्हवीचा फोन यायचा. “पप्पा, जेवलात?” “जेवलो.” “औषध?” “घेतलं.” लेक चांगली होती, पण चार शब्दांत माणसाचं पोट भरत नाही. जगात एवढी माणसं असताना आपल्याशी बोलायला एक मिळू नये, ह्याचं त्याला दुःख होतंच, पण त्याहून जास्त आश्चर्य वाटत होतं.

गाडी त्याने रिटायर झाल्यावर घेतलेली, साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची. मरून रंग सुलक्षणाने पसंत केला होता. ती एका बाजूला पाय सोडून बसायची, पंजाबी ड्रेस असला तरी तशीच, उजवा हात ह्याच्या खांद्यावर ठेवून. त्या गाडीवरून दोघं एकदा मालवणला जाऊन आली. दुसऱ्यांदा जायचं ठरलं होतं.

“काका, इंजिनाचा कॅम बदला,” मागच्या रविवारी निघता निघता सुयोग म्हणाला होता. सुयोग हर्षदचा मित्र, त्याला प्रत्येक गोष्टीवर उपाय माहीत. “परफॉर्मन्स कॅम टाका. गाडी अशी पळेल ना, आमच्यासाठी मिसळ तुम्हीच ऑर्डर करून ठेवाल.”

बस. चंद्रप्रकाशने आठवडाभर मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या डोक्यात फिरणारा एक लोखंडी दांडा. त्याला टेंगळं असतात. इंजिनाने श्वास केव्हा घ्यायचा, किती घ्यायचा आणि केव्हा सोडायचा, हे ती टेंगळं ठरवतात. टेंगळाचा आकार बदलला की गाडीचा स्वभाव बदलतो. आठवड्याच्या शेवटी त्याची खात्री पटली की आपल्या आणि त्या चहाच्या मधे फक्त एक दांडा आहे.

मरोळ गावठाणात, क्रुसाच्या वळणावर, हेन्री परेराचं घर होतं आणि घराच्या पुढच्या पडवीत त्याचं वर्कशॉप. पंचवीस वर्षांपूर्वी चंद्रप्रकाशच्या स्कूटरची क्लच वायर त्यानेच बदलली होती. हेन्रीने ऐकून घेतलं आणि वर्तमानपत्रावर तीन कॅम मांडले.

“हा कंपनीचा, एकट्या माणसाला पुरतो. हा दोन नंबर. खालून ओढतो, म्हणजे गाडी हळू असली तरी जोर देतो. मागे बायको असू दे, बॅगा असू दे, घाट असू दे, कुरकुरणार नाय. आम्ही ह्याला डबल सीटचा बोलतो. आणि हा तीन नंबर. पाच हजार आरपीएमच्या वर नेलास तर उडवेल. त्याच्या खाली मात्र जीव नाय त्याच्यात.”

“मला तीन नंबर दे.”

“तुला काय पाहिजे ते मी विचारलंच नाय,” हेन्री म्हणाला. “डॉक्टरकडे जाऊन तू औषधाचं नाव सांगतोस काय?”

हेन्रीची एक रीत होती आणि ती तो कुणासाठी मोडत नसे. त्याने एक जुना आरपीएम मीटर, इंजिनाचे मिनिटाचे फेरे मोजणारा, काढून हॅण्डलला जोडला. त्याला दोन काटे. काळा इंजिनाबरोबर वर-खाली होणारा. लाल मात्र जिथपर्यंत गेला तिथेच अडकून बसणारा. त्याला खाली आणायला बारीकशी किल्ली लागायची आणि ती किल्ली हेन्रीच्या गळ्यात, क्रुसाच्या साखळीतच अडकवलेली असायची.

“दोन रविवार चालव. मग ये. लाल काटा बघून मी कॅम सांगतो. माणूस खोटं बोलतो, काटा नाय बोलत.”

आतून त्याच्या बायकोची, कार्मेनची हाक आली, “हेन्री, जेवाला ये, बोंबील थंड झाले!” हेन्रीने हात पुसले. चंद्रप्रकाश उगाच दोन मिनिटं पडवीत रेंगाळला. कुणी तरी कुणाला तरी जेवायला बोलावतंय, हे ऐकायलाही त्याला बरं वाटत होतं. मग आपल्याला कुणी बोलावलेलं नाही हे लक्षात येऊन तो निघाला.

दोन रविवार झाले. दोन्ही वेळा रिकाम्या प्लेटी, दोन्ही वेळा गरम खुर्ची. आणि लाल काटा अडतीसशेवर अडकलेला. चंद्रप्रकाश त्या काट्याकडे बघत राहिला. हा काटा घेऊन गेलं तर हेन्री कंपनीचाच कॅम हातात ठेवणार आणि आपण जन्मभर गरम खुर्चीवर बसणार.

सोमवारी संध्याकाळी त्याने बिल्डिंगखाली गाडी स्टॅण्डवर लावली, न्यूट्रलमध्ये टाकली, आजूबाजूला बघितलं आणि अॅक्सिलरेटरची मूठ पिळली. आपलीच मोरी आणि अंघोळीची चोरी, तसा प्रकार. इंजिन बोंबलायला लागलं. पहिल्या मजल्यावरच्या अनुपमाबाई खिडकीत आल्या.

“अहो पेडणेकर! काय झालं गाडीला?”

“काही नाही, काही नाही! चेक करतोय!”

लाल काटा साडेसहा हजारांवर जाऊन बसला. चंद्रप्रकाशला घाम फुटला होता. तीस वर्षं औषधांच्या कंपनीत स्टोअर सांभाळलं, कधी एका गोळीचा खोटा हिशेब दिला नाही, आणि आता वयाच्या साठीत मीटरला फसवलं. पण चहा हवा होता.

हेन्रीने काटा बघितला, मग त्याच्याकडे बघितलं.

“तू? साडेसहा?”

“हायवे मोकळा होता,” चंद्रप्रकाश म्हणाला.

हेन्रीने आणखी थोडं बघितलं. पण काटा म्हणजे काटा. त्याने तीन नंबर बसवला.

ह्यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. रविवारी सकाळी आरेतल्या पहिल्याच स्पीडब्रेकरला गाडी आचके देऊन बंद पडली. दुसऱ्या ब्रेकरला पुन्हा. नुसती उभी असली तरी दम्याच्या पेशंटसारखी धापा टाकत होती. तबेल्यातून दुधाचे कॅन घेऊन जाणाऱ्या एका भैयाने थांबून विचारलं, “धक्का दूं क्या, चाचा?” तो नाक्यावर पोचला तेव्हा तिथे कुणीच नव्हतं. ग्रुपवर मेसेज होता, ‘काका, निघालो. तिकडे भेटू.’

हायवेला लागल्यावर त्याने स्वतःला बजावलं, की आता पीळ. हेन्रीने सांगितलंय, पाचच्या वर गेलास की उडेल. त्याने मूठ पिळायला घेतली. काळा काटा चारला आला, इंजिन खालून मरतुकडं होतंच, आणखी थोडं पुढे ढकललं की सुटणार होतं. पण चारच्या पुढे त्याचा हात जाईना. मनाने सांगून पाहिलं, शिव्या घालून पाहिल्या. मूठ आपोआप सैल व्हायची. असं करत करत विरार फाटा मागे पडला आणि मग त्याने प्रयत्न सोडला.

हॉटेलात सगळी टेबलं पुसलेली होती. खुर्चीही गार.

“तुमची मंडळी पाऊण तास झाला गेली,” बाळ म्हणाला. “बसा. मिसळ आणू?”

“आण.”

“चहा बरोबर की नंतर?”

बाळने एवढं विचारलं हेच खूप झालं, आणि चंद्रप्रकाशला एकदम रडू येईल असं वाटलं. “नंतर,” तो म्हणाला. मिसळ अगदी चवीची होती आणि त्याला एक घास जात नव्हता.

सोमवारी तो हेन्रीच्या पडवीत जाऊन उभा राहिला. “कॅम खराब दिलास.”

हेन्रीने गाडी घेतली आणि क्रुसाला वळसा घालून गेला. दहा मिनिटांनी परत आला तेव्हा त्याचे पांढरे केस उभे राहिले होते आणि चेहरा वीस वर्षांनी तरुण झाला होता.

“कॅम एक नंबर आहे. म्हणजे तीन नंबर, पण एक नंबर आहे. तू चालव. मी मागे बसतो. आरेत एक चक्कर मारू.”

निघाले. मरोशीची वस्ती संपली आणि आरेची झाडी लागली. चंद्रप्रकाश नेहमीसारखा चालवत होता. खड्डा चुकवत, वळणाला हळू, ब्रेकरच्या आधी पार दुसऱ्या गिअरवर. गाडी आचके देत होती, दोनदा बंद पडली. मध्येच हेन्रीने मान पुढे काढून त्याच्या हेल्मेटाशी कान नेला आणि पुन्हा मागे घेतला. छोटा काश्मीर बागेच्या फाटकाजवळ त्याने खांद्यावर थाप मारली. “थांबव.”

दोघं उतरले. हेन्रीने मीटर बघितला. लाल काटा साडेसहावर तसाच होता, काळा खाली धापा टाकत होता.

“साडेसहा कुठून आणलेस?”

चंद्रप्रकाशने मान खाली घातली. “बिल्डिंगखाली. स्टॅण्डवर लावून.”

“आडात नाय तर पोहऱ्यात कुठून येणार?” हेन्री म्हणाला. तो चिडला होता, पण जास्त स्वतःवर. “तीस वर्षांत मला पयला माणूस भेटला काट्याला फसवणारा. पण का रे? तुला काय रेस लावायची आहे ह्या वयात?”

“मला त्यांच्याबरोबर चहा प्यायचा होता,” चंद्रप्रकाश म्हणाला. ऐकायला फारच बावळट वाटलं. म्हणून त्याने पुन्हा सांगितलं, “मी पोचेपर्यंत सगळे निघतात रे. दर वेळी. एकदा तरी बसून चहा प्यायचा होता.”

हेन्रीने शर्टाच्या बाहीने मीटरची काच पुसली. ती पुसायची काही गरज नव्हती.

“पेडणेकर, एक विचारू? रागवू नको.”

“विचार.”

“आपल्याला आतापर्यंत सात ब्रेकर लागले. मी मोजले. तू सातही वेळा काय बोललास, तुला म्हायत आहे?”

“मी? मी कुठे काय बोललो?”

“मला आधी वाटलं फोनवर बोलतोस. म्हणून कान देऊन ऐकलं. प्रत्येक ब्रेकरच्या आधी तू बोलतोस, ‘धर गं.’”

एक बस गेली. चंद्रप्रकाश तिच्याकडे बघत राहिला. त्याला काहीच आठवत नव्हतं, आणि हेन्री खोटं बोलत नाही हेही कळत होतं. दीड वर्ष. आणि आता दर रविवारी दीडशे किलोमीटर. प्रत्येक ब्रेकर, प्रत्येक खड्डा, प्रत्येक वळण. म्हणून मूठ पिळली जात नव्हती. म्हणून हात चारच्या पुढे जात नव्हता. बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईला घेऊन कुणी साडेसहा हजारावर गाडी नेतं का?

तो फाटकाच्या कट्ट्यावर बसला आणि रडला. सुलक्षणाला नेलं त्या दिवशी रडला नव्हता, कारण जान्हवीला सांभाळायचं होतं. हेन्री शेजारी उभा राहिला. हातांचं काय करावं ते न कळून त्याने ते खिशात घातले.

“बरी चालवतोस तू,” थोड्या वेळाने तो म्हणाला. “म्हणजे मागच्या माणसाला काय त्रास नाय होत. मी चाळीस वर्षं लोकांच्या मागे बसतोय, असं कोणी चालवत नाय.”

पडवीत परत आल्यावर हेन्रीने तीन नंबर काढला. पुन्हा वर्तमानपत्र पसरलं, पुन्हा तीन कॅम मांडले. गळ्यातली किल्ली घालून लाल काटा शून्यावर आणला. आणि पहिल्यांदाच आपली रीत मोडून म्हणाला, “आता तूच सांग.”

चंद्रप्रकाशने बराच वेळ बघितलं. दिसायला तिन्ही सारखेच. टेंगळांत केसाएवढा फरक.

“दोन नंबर.”

“मागे कोण नसताना त्याचा काय उपयोग नाय, सांगून ठेवतो. तुला कंपनीचा बस आहे.”

“माहीत आहे.”

“बघ हां.”

“दोन नंबर, हेन्री.”

हेन्रीने दोन नंबर उचलला आणि तेलात बुडवला. मग पाठमोराच म्हणाला, “आणि चहाचं बोलशील तर एक तास आधी निघ ना बाबा. त्याला काय कॅम लागत नाय.”

साठ वर्षांच्या माणसाला एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती. व्हिडिओ चाळीस पाहिले होते.

त्या रविवारी तो साडेपाचला निघाला आणि टोळीच्या आधी मनोरला पोचला. बाळने त्याला बघून घड्याळ बघितलं. पंधरा मिनिटांनी सात गाड्या आल्या.

“काका फर्स्ट!” सुयोग ओरडला. “काय बोलता! वाट लावली आमची!”

आणि मग तो बसला. मधल्या खुर्चीवर, एका बाजूला हर्षद, दुसऱ्या बाजूला सुयोग. मिसळ आली, पाव आले, कुणी कुणाची तर्री पळवली, हर्षदने आपल्या बॉसची नक्कल केली. चंद्रप्रकाश हसला. चहा आला. आलं जास्त झालेलं होतं, साखर कमी, कपाची कड तुटलेली. त्याने एक एक घोट पुरवून पुरवून प्यायला. किती सुखात होता तो! असं सुख एवढ्याशा कपात मावतं हे तो विसरलाच होता.

“मग कुठला टाकलात शेवटी?” सुयोगने विचारलं. “तीन नंबर ना?”

“नाही रे. डबल सीटचा टाकला.”

टेबल खदखदलं. “काका! डबल सीट?” हर्षदने त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. “कोणाला फिरवता, आम्हाला न सांगता? नाव तरी कळू द्या!”

पोरं मायेनेच चिडवत होती. चंद्रप्रकाशही हसत होता. हसता हसताच तो म्हणाला, “बायकोला. पण ती गेली रे. दीड वर्ष झालं. वारली.”

हे वाक्य त्याने ह्याआधी कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. जान्हवी सगळ्यांना कळवत होती तेव्हा तो बाजूला बसून होता. हर्षदचा हात गुडघ्यावर तसाच राहिला. “सॉरी काका,” तो म्हणाला, “खरंच माहीत नव्हतं.” सुयोगने आपल्यातला पाव उचलून त्याच्या प्लेटीत ठेवला. मग हळूहळू पुन्हा गप्पा सुरू झाल्या, जरा खालच्या आवाजात, आणि चंद्रप्रकाशचा चहा संपला.

परतताना हर्षद म्हणाला, “काका, तुम्ही पुढे व्हा, आज आम्ही तुमच्या मागून येतो.” पोरं मागून आलीही. पंधरा किलोमीटर, चाळिसाच्या स्पीडने, निमूट, अंत्ययात्रेत चालतात तशी. मग चंद्रप्रकाशनेच डावा हात हलवून त्यांना वाट दिली. एकेकाने हॉर्न वाजवला आणि सातही गाड्या पुढे दिसेनाशा झाल्या.

ऊन वर आलं होतं तेव्हा तो आरेत शिरला. पहिला ब्रेकर दिसला. त्याने वेग कमी केला, दुसरा गिअर टाकला. दोन नंबरच्या कॅमने कुरकुर न करता गाडी वर ओढली, हळूच पलीकडे उतरवली. इंजिन शांत होतं आणि झाडीत फक्त त्याचाच आवाज होता.

पन्नास पावलं पुढे गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. तोंडातून काही आलं नव्हतं.

त्याने ब्रेक मारला. रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मागे वळून बघितलं, तर मरून रंगाची सीट, मागचा अर्धा भाग, त्याच्यावर उन्हाचा कवडसा. आपण टेबलावर बोललो ते तिने ऐकलं की काय, असं काही तरी वेडंवाकडं त्याच्या मनात आलं.

एक रिक्षा गेली. ती जाईपर्यंत तो थांबला. मग त्याने गाडी वळवली, ब्रेकरच्या पलीकडे नेली आणि पुन्हा वळवून सरळ केली. दुसरा गिअर टाकला. खांदा थोडा मागे केला, हात ठेवायला सोपं जावं म्हणून.

“धर गं,” तो मोठ्याने म्हणाला, आणि गाडी अलगद ब्रेकरवरून पलीकडे नेली.